यंत्र कुरकुरूं लागतें तेव्हां

जालना जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वीं पहांटे गल्लींतून चालत गेलें असतां घराघरांतून जात्याची घरघर ऐकूं येत असे. जात्यांत धान्य असेपर्यंत तो आवाज जड व भरलेला असे. घांस संपला कीं दगडावर दगड घासूं लागे व आवाज कोरडा होई. दळणाऱ्या बाईला दिव्याची गरज नव्हती. आवाज पालटतांच तिचा हात आपोआप सुपाकडे जाई. दगड गुळगुळीत झाला, आतां पाथरवटास बोलावून टांकी लावून घेतली पाहिजे, हेंहि तिला आवाजावरूनच कळे. गाडीवानास आंस कोरडा पडल्याचें चाकाच्या कुरकुरीवरून समजे व तो वंगण काढी. माठ विकत घेतांना गृहिणी आजहि बोटाच्या पेरानें तो वाजवून पाहते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कोठें तरी चीर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादहून मनमाडला जाणारा लोहमार्ग जालन्यावरून गेला. त्या काळीं आगगाडी स्थानकांत उभी राहिली कीं लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर टोले देत जाणारा रेल्वेचा माणूस लोकांच्या परिचयाचा होता. चाकाला तडा आहे कीं नाहीं हें तोहि कानानेंच तपासत असे.

आतां जातें बहुतेक घरांतून माळ्यावर गेलें आहे व त्याच्या जागीं पंखा, फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार, कूलर, इन्व्हर्टर, गॅसची शेगडी आणि कुकर एवढा परिवार आला आहे. हीं सर्व यंत्रें बोलतात. परंतु जात्याचा आवाज ओळखणें जसें आईकडून मुलीकडे येत होतें, तसें या नव्या यंत्रांचें ज्ञान कोणाकडूनच येत नाहीं. यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका बहुधा खोक्यांतच राहते. परिणाम असा होतो कीं, मोटार चार दिवस ओरडत असते, घरांतील माणसें त्या ओरडण्यास सरावतात आणि पांचव्या दिवशीं ती जळते. तो पांचवा दिवसहि बहुधा मे महिन्यांतलाच असतो.

वैद्य ज्याप्रमाणें प्रथम निरोगी माणसाची नाडी ओळखावयास शिकतो, त्याप्रमाणें यंत्राचा निरोगी आवाज आधीं माहीत असावा लागतो. भारतांत घरोघरीं येणारी वीज उलटसुलट वाहणारी असून तिचें हें येणें-जाणें सेकंदास ५० वेळां होतें. प्रत्येक फेऱ्यांत चुंबकत्व दोनदां चढतें व उतरतें. त्यामुळें मोटारीच्या लोखंडी पत्र्यांना सेकंदास १०० हिसके बसतात. पंख्याची, फ्रीजची, किंवा गल्लीच्या कोपऱ्यावरील ज्या ट्रान्सफॉर्मरला लोक डी. पी. म्हणतात त्याची मंद गुणगुण ती हीच. तिची पट्टी बदलत नाहीं; कारण ती वीजनिर्मिति केंद्रांतच ठरलेली असते. याच्या उलट बेअरिंग, पातें, पट्टा यांचे आवाज फिरण्याच्या वेगाबरोबर चढतात व उतरतात. यावरून एक सोपी परीक्षा निघते. यंत्राचें बटण बंद करावें आणि ऐकावें. जो आवाज बटणाबरोबर तत्क्षणीं तुटतो तो विजेचा. यंत्र थांबत जातांना जो हळूहळू खालीं उतरत जातो तो फिरणाऱ्या भागांचा. कारागिरास बोलावण्यापूर्वीं एवढें जरी सांगतां आलें तरी त्याचें अर्धें काम होतें, आणि नको तो भाग बदलून घेण्याचा प्रसंगहि टळतो.

सर्वांत घातक आवाज मोठा नसतो. बटण दाबलें, यंत्र ‘हूं’ असा स्वर काढीत राहिलें, आणि फिरलें मात्र नाहीं, हा तो आवाज. फिरती मोटार विजेच्या प्रवाहास स्वतःच विरोध करीत असते. ती अडली म्हणजे हा विरोध नाहींसा होतो व तारेंतून नेहमींच्या चार-पांचपट प्रवाह धांवूं लागतो. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह चौपट तर उष्णता सोळापट. तारेवरील रोगणाचा पातळ थर ही उष्णता फार वेळ सोसूं शकत नाहीं. तो करपला कीं तारेला तार लागते, आणि मोटार जळली असें लोक म्हणतात. म्हणून ‘चालेल थोड्या वेळानें’ असें म्हणत वाट पाहूं नये. बटण तात्काळ बंद करावें. छताच्या पंख्यांत हा दोष बहुधा कंडेन्सरचा असतो व तो अल्प खर्चांत बदलतां येतो. काठीनें पातें ढकलून पंखा सुरूं करण्याची युक्ति पुष्कळ घरांतून मोठ्या कौतुकानें केली जाते. तिनें पंखा फिरतो खरा, पण रोग आंत तसाच राहतो. आणि एखाद्या रात्रीं वीज जाऊन पुन्हां आली, घरचीं माणसें झोंपेंत असलीं, तर काठी घेऊन उठणार कोण?

पंख्याचे इतर आवाज बहुधा साधे असतात. रेग्युलेटर खालच्या आंकड्यावर असतांना येणारी गुणगुण निरुपद्रवी आहे. प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ होत असेल तर पात्याचा स्क्रू ढिला झालेला असतो. परंतु पंखा डोलतो आहे आणि वर आंकड्यापाशीं ‘कुईं कुईं’ होत आहे, असें दिसलें तर त्याखालीं कोणास झोंपूं देऊं नये. तेथील रबर झिजलें म्हणजे लोखंडावर लोखंड घासूं लागतें. हा आवाज पंख्याचा नसून त्याच्या आधाराचा असतो.

जालन्याच्या रहिवाशास मात्र सर्वांत अधिक लक्ष द्यावें लागतें तें पाण्याच्या मोटारीकडे. जिल्ह्याची भूमि काळ्या बसाल्ट दगडाची. पाणी सांठतें तें मुरुमांत व खडकाच्या भेगांत. पावसाळ्यानंतर भरलेली विहीर चैत्र-वैशाखांत तळ दाखवूं लागते. २०१२-१३ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होती, आणि त्या वर्षीं पाण्याची मोटार हें घरांतील मोलाचें चीजवस्तूपैकीं एक झालें होतें. विहिरीच्या कांठावर किंवा घरच्या हौदावर बसविलेली मोटार पाणी ओढते असें म्हणण्याची रीत आहे. वास्तविक ती नळींतील हवेचा दाब कमी करते, आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ही शक्ति मर्यादित आहे. टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञानें १६४३-४४ मध्यें पाऱ्याच्या प्रयोगानें ती मोजून दाखविली. हवेचा दाब पाण्याचा सुमारें १० मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो, त्याहून अधिक नाहीं. प्रत्यक्षांत सहा-सात मीटरांपलीकडे मोटारीचा जीव कासावीस होतो. पाणी त्याखालीं गेलें कीं पंपाच्या पोटांत बुडबुडे होतात व अधिक दाबाच्या जागीं येतांच ते धक्क्यानें मिटतात. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हलवावे तसा येतो. पुष्कळ जणांस वाटतें कीं पंपांत खरेंच खडे गेले. ते पंप उघडवितात, आंत कांहीं सांपडत नाहीं, आणि मजुरी तेवढी जाते. खडे नसतात, पण बुडबुड्यांचे ते धक्के पंपांतील चक्राला खड्ड्यांनीं कुरतडीत असतात. उपाय मोटार खालच्या टप्प्यावर उतरविण्याचा, किंवा नळी व तिच्या तळाची जाळी तुंबली आहे काय हें पाहण्याचा.

पाणी अजिबात संपलें म्हणजे याच्या उलट घडतें. ओझें उतरल्यामुळें मोटारीचा स्वर एकदम हलका व चढा होतो. ती सुखानें पळत आहे असा भास होतो. हा भास महाग पडतो. पंपांतील सील पाण्यानेंच थंड राहतें, व कोरडें पडलें कीं थोड्या मिनिटांत करपतें. म्हणून मोटार सुरूं असतांना कान मोटारीकडे नव्हे, तर टाकींत पडणाऱ्या धारेकडे असावा. धार थांबली आणि मोटार गातच राहिली, हा धोक्याचा आवाज.

बोअरमधील मोटार जमिनीखालीं फार खोल असते. तिचा शब्द वर येत नाहीं. तेथें वरच्या नळीला हात लावून पाहावें. पाणी भरपूर असेल तर नळी सारखी थरथरते. पाणी घटलें कीं धार ठसकूं लागते. थोडें पाणी, मग हवेचा फसकारा, मग पुन्हां पाणी. ठसका सुरूं होतांच मोटार बंद करून झऱ्यांना कांहीं तास अवकाश द्यावा. एक बादली अधिक मिळावी म्हणून ती तशीच चालविणारा मनुष्य पुढें आठ दिवस टँकरच्या रांगेंत उभा राहतो. शहरांत नळालाच मोटार जोडून पाणी खेंचणारे कांहीं लोक असतात. ती मोटार शेजाऱ्याच्या वाट्याचें पाणी घेते, आणि वाहिनीस भेग असेल तर गटारांतील घाणहि आंत ओढते. अशी मोटार खडखडूं लागली तर तिच्या दुरुस्तीच्या भानगडींत न पडतां ती काढून टाकावी हें बरें.

बेअरिंग खराब होऊं लागल्याचा आवाज मोटारीच्या गोंगाटांत लपतो. पॅरिसमधील डॉक्टर लाएनेक यानें १८१६ मध्यें कागदाची घट्ट सुरळी करून ती एका रुग्ण स्त्रीच्या छातीस लावली आणि तींतून हृदयाचे ठोके त्याला स्पष्ट ऐकूं आले. स्टेथॉस्कोपचा जन्म तेथें झाला. मोटारी बांधणारे कारागीर हीच विद्या निराळ्या हत्यारानें चालवितात. लांब पेचकसाचें टोक ते मोटारीच्या कवचावर टेंकवितात व मूठ कानाशीं धरतात. घरीं याकरितां कोरडी लाकडी काठी घ्यावी आणि पदर, ओढणी व वेणी फिरत्या भागापासून दूर ठेवावीं. निरोगी बेअरिंग रेशीम फाडल्यासारखें एकसारखें वाजतें. वंगण संपत आलें कीं अधूनमधून चिमणीसारखी चिवचिव येते. या अवस्थेंत काम थोडक्यांत निभावतें. चिवचिव जाऊन जात्यासारखी घरघर सुरूं झाली म्हणजे आंतील गोळ्या झिजल्या असें समजावें.

फ्रीज हा बडबड्या पण निरुपद्रवी प्राणी आहे. त्याच्या नळ्यांतून गुळगुळ ऐकूं येणें, रात्रीं प्लास्टिक आकसून ‘कट्’ होणें, यांत कांहीं वावगें नाहीं. ऐकण्यासारखी गोष्ट एकच. तो ‘हूं’ करतो, कांहीं सेकंदांत ‘टक्’ होऊन गप्प बसतो, आणि थोड्या वेळानें पुन्हां तेंच करतो. याचा अर्थ कॉम्प्रेसर उठूं पाहत आहे पण उठत नाहीं, व त्यास वांचविणारें लहानसें साधन दर वेळीं वीज तोडीत आहे. संध्याकाळीं विजेचा दाब उतरला असतां हें विशेष घडतें. अशा वेळीं फ्रीजची पिन काढावी व दाब सुधारल्यावर लावावी; तरीहि तेंच चाललें तर कारागीर पाहावा. वीज जाऊन आल्यावर फ्रीज पांच मिनिटें बंद ठेवण्याचें कारणहि हेंच आहे. आंतील वायूचा दाब दोन्हीं बाजूंस समान होण्यास तेवढा वेळ लागतो.

उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील घरांत कूलर येतो. त्यांतील लहान पंप पाण्यांत बुडालेला असतो व पाण्यानेंच थंड राहतो. पाणी संपतांच त्याची मंद गुणगुण खरखरीत होते. परंतु कूलरच्या पत्र्यापाशीं किंवा पिनेपाशीं ‘चर्र चर्र’ ऐकूं आली, अथवा पत्र्याला हात लागतांच झिणझिण्या आल्या, तर प्रश्न कूलरचा राहत नाहीं, माणसाचा होतो. ओली फरशी, लोखंडी पत्रा आणि सुटलेली तार यांच्या योगानें दर उन्हाळ्यांत प्राण जातात. कूलरला हात न लावतां घराचें मुख्य बटण बंद करावें. पाणी भरतांना तर पिन नेहमींच काढावी, मग आवाज असो वा नसो. भिंतींतील बटणांच्या पेटींतून येणाऱ्या चरचरीसहि हाच न्याय. तेथें सैल तारेंतून ठिणगी उडत असते. इन्व्हर्टरच्या बॅटरींत भरणा होतांना थोडी बुडबुड असतेच, पण ती भात उकळल्यासारखी खदखदूं लागली तर भरणा अतिरेकानें होत आहे. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. म्हणून बॅटरी बंद कपाटांत ठेवूं नये व तिच्याजवळ उदबत्तीहि लावूं नये.

कुकर विजेवर चालत नाहीं, म्हणून लोक त्यास यंत्रांत गणीत नाहींत. पण स्वयंपाकघरांतील सर्वांत बलवान् यंत्र तोच. डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें असें भांडें प्रथम मांडलें. वाफ कोंडल्यामुळें आंतील पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. त्या वेळीं आंतील वाफ बाहेरच्या हवेपेक्षां दर चौरस सेंटीमीटरला सुमारें एक किलो अधिक जोरानें दाबीत असते. झांकण २० सेंटीमीटर व्यासाचें धरलें तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१४ चौरस सेंटीमीटर भरतें. म्हणजे ज्वारीचीं शंभर किलोचीं तीन पोतीं झांकणावर आंतून रेटा देत आहेत असें समजावें! शिटी हा या रेट्याचा दरवाजा आहे.

कुकरच्या बाबतींत एक विलक्षण गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इतर यंत्रांत आवाज हा धोका. येथें निःशब्दता हा धोका. झांकणाच्या कडेनें फसफस होऊन वाफ जात असेल तर रबर कडक झालें आहे. धान्य कच्चें राहील, आंतील पाणी आटेल, पण दाब सांठणार नाहीं. उलट नेहमीं सात-आठ मिनिटांत शिटी देणारा कुकर मोठ्या आंचेवर पंधरा मिनिटें झालीं तरी गप्प आहे, कडेनेंहि वाफ नाहीं, असें दिसलें तर डाळीच्या फेंसानें किंवा चिंचेच्या सालानें वाफेची नळी बुजल्याचा संशय घ्यावा. तेव्हां गॅस बंद करावा आणि भांड्यापासून दूर व्हावें. शिटी चमच्यानें उचलूं नये, तिच्यावर मारूं नये, झांकण उघडण्याची घाई करूं नये. कुकर आपोआप पूर्ण निवूं द्यावा. आंतील जादा दाब मोकळा करणारा सेफ्टी व्हॉल्व असतो, परंतु तो अस्सल व चांगल्या स्थितींत असेल तरच. बाजारांतून स्वस्तांतला व्हॉल्व बसविणें म्हणजे तीन पोत्यांचा भार सुतळीवर टांगणें होय. वाफेची नळी रोज धुतांना उजेडाकडे धरून आरपार पाहावी, आणि डाळ, हरभरे यांसारखे फुगणारे जिन्नस कुकरच्या निम्म्याहून अधिक भरूं नयेत.

शेगडीची ज्योत बारीक करतांना ‘भप्’ होऊन ती आंत शिरली तर शेगडी बंद करून, निवूं देऊन बर्नर स्वच्छ करावा. रेग्युलेटरपाशीं बारीक ‘सूं’ ऐकूं येणें ही याहून गंभीर गोष्ट आहे. गॅसला स्वतःचा वास नसतो. ओळखूं यावा म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरतो, म्हणून उभ्या माणसाला वास उशिरां येतो व कानाला आधीं कळण्याचा संभव असतो. रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेचें एकहि बटण दाबूं नये, बंद करण्याकरितांहि नाहीं, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. गळती शोधण्यास साबणाचें पाणी असतें. काडी पेटवून पाहण्याची रीत किती घरांना भोंवली आहे हें सांगावयास नको.

मिक्सरविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. वाटण घट्ट झालें म्हणजे त्याचा स्वर खालीं बसतो; तेथेंच थांबून पाणी घालावें. स्वर एकदम चढला आणि पातें फिरेनासें झालें, तर भांड्याखालचा कपलर झिजला.

हे सर्व आवाज ज्या कानांनीं ऐकावयाचे त्यांचाहि विचार केला पाहिजे. वयोमानानें कान मंदावतो तो सर्व पट्ट्यांत सारखा मंदावत नाहीं. उंच पट्टीचे बारीक आवाज प्रथम बुजतात. गॅसची ‘सूं’, इन्व्हर्टरची ‘पीं पीं’, बेअरिंगची पहिली चिवचिव हीं नेमकीं त्याच पट्टींतलीं. जिल्ह्यांतील कितीएक घरांत तरुण माणसें पुण्यास, छत्रपति संभाजीनगरास किंवा ऊसतोडीला गेलेलीं असतात व घरीं म्हाताराम्हातारीच राहतात. त्यांना माणसांचें बोलणें ऐकूं येतें, म्हणून कान शाबूत आहेत अशी त्यांची समजूत असते. अशा घरीं सुटीला आलेल्या नातवंडास एक काम अवश्य सांगावें. आजोबांनीं एकेक यंत्र सुरूं करावें व मुलानें डोळे मिटून काय ऐकूं येतें तें सांगावें. मुलांना हा खेळ आवडतो, आणि त्यांचे कान तीक्ष्ण असतात.

या कामास खंडेनवमीचा दिवस सोयीचा आहे. त्या दिवशीं घरांतील शस्त्रें व अवजारें पुसून त्यांना हळदकुंकू वाहिलें जातें; अलीकडे मोटारीला व मिक्सरलाहि झेंडूची माळ पडते. माळ घालण्यापूर्वीं दूरदर्शन व इतर गोंगाट बंद करून प्रत्येक यंत्र एक मिनिट एकटेंच चालवावें, मग बटण बंद करून तें थांबेपर्यंत ऐकावें, आणि कांहीं खटकलें तर भिंतीवरील दिनदर्शिकेंत त्या तारखेखालीं लिहून ठेवावें. पुढच्या उन्हाळ्यास अजून पांच महिने असतात, आणि कारागिराच्या दुकानांत त्या दिवसांत गर्दीहि नसते.